दोराचे सैल टोक

१९ एप्रिल

आज विश्वंभरचा भोपळा फुटला. आमच्या गावात एखाद्या मुलाला पोहता येऊ लागल्याचे असेच सांगतात. बाबा दर पावसाळ्यात कुंपणावर कडू भोपळ्याचे वेल चढवतात, फळे वेलावरच वाळू देतात, आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की दुपारी एकेका मुलाच्या पाठीला एकेक भोपळा बांधून त्याला तातेरावांच्या विहिरीत सोडतात. आधी मोठा भोपळा, मग मध्यम, मग मुठीएवढा. हा बदल ते मुलाला जाणवू देत नाहीत. मूल एकटे पोहू लागले की त्याने आपला भोपळा विहिरीच्या काठावरच्या दगडी थारोळ्यावर आपटून फोडायचा आणि आतल्या बिया घरी न्यायच्या.

पेशाने बाबा गवंडी आहेत, पण गावातली मुले त्यांना 'पवायचे मामा' म्हणूनच ओळखतात. ज्या विहिरीचे पाणी माझ्या आजोबांच्या ओंजळीत वरून ओतले जाई, त्याच विहिरीत बाबांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवले. बाबा ही गोष्ट कधी बोलत नाहीत. मीही ती फक्त इथेच लिहिते.

मी नेहमीप्रमाणे वरच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. मला पोहता येत नाही. लहानपणी विहिरीत डोकावले आणि चक्कर येऊन पडले, तेव्हापासून बाबांनी मला कधी आग्रह केला नाही. विहिरीवरची मोटार चालू करायला तातेराव आले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "रामजी, सगळ्या गावाला पवायला शिकवलंस, अन् घरची सरस्वती कोरडीच ठिवलीस व्हय?" मुले हसली. मी न वाचताच पान उलटले.

विश्वंभर हा भागवतकाका आणि द्वारकाकाकूंचा मुलगा, वय नऊ. भोपळा फोडल्यावर बिया मुठीत घट्ट धरून तो बाबांसमोर उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होते, दात वाजत होते, आणि चेहऱ्यावर असे काही तेज होते की मला माझा दहावीचा निकाल आठवला.

"मामा, आता मी कुठं बी पवू शकतो ना?"

बाबा टॉवेल पिळत म्हणाले, "कुठं बी. पाणी सगळीकडं सारखंच असते."

त्याची धाकटी बहीण कोमल आपलाही भोपळा मागू लागली. बाबांनी तिला पुढच्या उन्हाळ्याचे कबूल केले.

२८ एप्रिल

विश्वंभर गेला. तातेरावांच्या शेततळ्यात. आज याहून अधिक लिहवत नाही.

२९ एप्रिल

जे घडले ते क्रमाने लिहून काढले तर मन स्थिर होईल असे वाटते.

काल दुपारी तो आणि कोमल वाळत घातलेली हळद राखायला शेतात गेले होते. उन्हाने कोमलला मांडवाखाली झोप लागली. तो शेजारच्या शेततळ्यावर गेला. त्याचे कपडे आणि चपला भरावावर नीट ठेवलेल्या सापडल्या, शर्टाची घडीसुद्धा घातलेली होती.

शेततळ्याला तळापासून काठापर्यंत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली आहे. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेले आहे आणि वर नुसता गुळगुळीत उतार उरला आहे. त्याला काढायला बाबांनाच बोलावले. पाण्यात काही झाले की आमच्याकडे बाबांनाच बोलावतात. बाबा त्याला घेऊन कडेपर्यंत आले, पण त्यांना स्वतःला वर येता येईना. पाय टेकवत तिथून घसरत. शेवटी भागवतकाकांनी बैलांचे कासरे सोडून आणले, एकाला एक जोडून खाली टाकले, आणि स्वतःच्या हातांनी दोघांना वर ओढले.

मी भरावावर उभी होते. पन्नीवर पाण्यालगत शेवाळ धरले आहे. त्या शेवाळात चारही बाजूंना बोटांचे ओरखडे होते. म्हणजे तो पुष्कळ वेळ पोहत होता. एका काठाला जमले नाही म्हणून दुसऱ्या काठाला गेला होता.

बाबा खाली बसून त्या ओरखड्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या कपड्यांतून पाणी गळत होते. द्वारकाकाकूंचा आवाज मला अजून ऐकू येतो.

३ मे

हापशीवर मी गेले की बायकांचे बोलणे थांबते. आज मात्र मिराबाईंनी ते थांबवले नाही. शेजारणीला उद्देशून, पण मला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "पवता आलंच नसतं तर लेकरू पाण्याजवळ गेलं नसतं. म्या तर माझ्या नातवाला आधीच न्हाई पाठवलं."

मी घागर भरून घरी आले आणि दिवसभर या वाक्याचा विचार केला. पदवीला मला तर्कशास्त्रात सर्वांत जास्त गुण होते. मिराबाईंच्या विधानातला दोष मला अजून सापडलेला नाही.

संध्याकाळी तातेराव ओट्यापर्यंत आले. चहा नको म्हणाले. पोलिसांनी त्यांना पंचनाम्यासाठी बसवून ठेवले होते, तोंड उतरले होते. म्हणाले, शेततळ्याभोवती बाभळीच्या काट्या रचल्या आहेत, आणि इथून पुढे विहिरीवरही मुले आणायची नाहीत. "तुझ्यावर राग न्हाई रामजी. पण मला आता तकलीफ नको."

बाबांनी फक्त मान हलवली. ते गेल्यावर कुंपणावर टांगलेले उरलेले भोपळे काढून त्यांनी माळ्यावर टाकले. आत बिया वाजल्या. नंतर ते जेवले, भांडे घासून पालथे घातले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

७ मे

बाबांच्या दोन्ही कोपरांची सालटे निघाली आहेत. गुडघ्यांचीही. विचारले तर म्हणाले, "गिलाव्याचं काम हाय माय, खरचटते." मी हळद लावून दिली. कपडे धुताना त्यांना शेवाळाचा उग्र वास येत होता, तेव्हा कुणाच्या तरी जुन्या टाकीची दुरुस्ती करत असावेत. न्हाणीघरासाठी आणून ठेवलेले अर्धे पोते सिमेंटही त्यांनी सायकलवर नेले.

ऐन दुपारी, सारे गाव सावलीला बसलेले असताना, ते कामावर जातात आणि ऊन कलल्यावर परततात. पूर्वी ती वेळ विहिरीची होती. ती रिकामी राहू नये म्हणून ते स्वतःला असे झिजवत असतील. मला त्यांची समजूत घालायला हवी. शब्द तर माझ्याकडेच आहेत. पण त्यांच्यासमोर उभी राहिले की मला "जेवण वाढू का" याच्या पलीकडे काही सुचत नाही.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात जाताना आईची पांढरी साडी नेसावी म्हणून आज तिची पेटी उघडली. आई गेली तेव्हा मी दहावीत होते. त्या वर्षी बाबा माझ्या वेण्या घालून देत. गवंड्याची बोटे ती. वेणी वर डोके दुखेल इतकी घट्ट आणि खाली शेपटाशी अगदी सैल व्हायची. शाळेच्या वाटेवर कडुनिंबाखाली थांबून मी ती उकलून पुन्हा घालत असे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून घरी कधी बोलले नाही.

पेटी निम्मी रिकामी होती.

रोज नेसायच्या नायलॉनच्या बहुतेक साड्या गेल्या आहेत. लग्नातली हिरवी, जांभळ्या काठाची, तीही नाही. सुती साड्या मात्र सगळ्या जागच्या जागी होत्या. पांढरी सर्वांत वर, कडुनिंबाच्या पाल्यासकट. पेटीची किल्ली बाबांच्या खुंटीला असते. तेव्हा हे बाबांनीच केले आहे.

पांढरी साडी नेसून मी विहारात गेले. वंदनेच्या वेळी बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि लगेच खाली पाहिले. मी विचारले नाही. पुस्तकातल्या अवघड परिच्छेदाला मी दहा प्रश्न विचारू शकते. घरातल्या माणसाला एक विचारता येत नाही.

१५ मे

तीन दिवस विचार केल्यावर मला उत्तर सापडले असे वाटते. बाबा आईच्या साड्या द्वारकाकाकूंना देत असावेत. त्यांच्या घरात सध्या कुणाचे कशात लक्ष नाही, आणि बाबांना स्वतःला क्षमा करता येत नाही. दुसरे काय कारण असणार?

खात्री करून घेण्यासाठी आज त्यांच्या घरी गेले. जाताना भाजलेले शेंगदाणे नेले, म्हणजे काहीतरी निमित्त असावे. द्वारकाकाकू ओसरीत बसल्या होत्या. अंगावर त्यांचीच विटलेली चॉकलेटी साडी होती. कपडे वाळत घालायच्या वळणीवरही आईची एकही साडी नव्हती. मला हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही.

कोमल कोपऱ्यात बसली होती. तिचे केस चिकट होऊन जटा झाल्या आहेत. त्या दिवसापासून ती अंगावर पाणी घेऊ देत नाही. बादली पाहिली की ओरडते. तोंड ओल्या फडक्याने पुसावे लागते, आणि तेही झोपेत.

काकू म्हणाल्या, "झोपली व्हती म्हणून वाचली, असं लोक म्हणतात. ती म्हणते, झोपले म्हणून दादा गेला." मग बराच वेळ त्या शेंगदाणे एकेक सोलून ताटलीत ठेवत राहिल्या. खाल्ला एकही नाही. मी उठले तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या बाबाला म्हणावं, काहून तोंड लपवून राहिला? हिला दुसरं कोण पाण्याजवळ नेईल?"

हा निरोप मी बाबांना दिलेला नाही. त्यांना तो टोमणा वाटेल अशी भीती वाटते. मलाही नक्की कळले नाही, तो टोमणा होता की काय होता.

१८ मे

आज बोलले, आणि वाईट रीतीने बोलले.

बाबा परत आले तेव्हा तळहातांना फोड आले होते आणि खांद्यावरच्या पिशवीतून आईच्या आकाशी साडीचा काठ बाहेर आला होता. मनात तयार करून ठेवलेली सारी वाक्ये नाहीशी झाली. मी म्हटले, "आईच्या साड्या वाटून विशू परत येणार आहे का?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. रागावले नाहीत. "वाटल्या न्हाईत," एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पेटीत ठिवून तिला तरी काय उपेग?"

मी खोलीत जाऊन दार लावून घेतले. उरलेल्या साड्या पेटीतून काढून माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. तेव्हा समाधान वाटले. आता लिहिताना त्या समाधानाची लाज वाटते, पण कुलूप काढावेसे वाटत नाही.

२२ मे

सकाळी तातेराव आले ते थेट अंगणात. त्यांनी हातातले काहीतरी जोत्यावर फेकले. ओले होते, त्यामुळे धप्पकन आवाज झाला.

"रामजी, हे काय लावलंस? मेलेल्या बाईची लुगडी माझ्या पाण्यात? त्या पाण्यावर माझा मळा हाय."

तो दोर होता. तीन पदरांचा, जाड, हाताहातावर गाठी मारलेला. एक टोक विळ्याने कापलेले. मी जवळ गेले. हिरव्यात जांभळा काठ गुंतलेला होता. आईची लग्नातली साडी.

मी दोर उचलून पाहिला. वरचा भाग लाकडासारखा टणक विणलेला होता आणि खालचे टोक सैल, हाताने उकलावे इतके सैल. ही वीण मी दहावीचे पूर्ण वर्ष डोक्यावर वागवली आहे.

तातेराव बोलतच होते. दोर बांधलेला खुंट काढायला गडी पाठवला तर खुंट हलेना, काँक्रीटमध्ये रोवलाय. आधी काट्या उचकल्या, मग हे. "दोरी दिसली की पोरांला वाटंल, इथं पवायची सोय हाय. अजून एखादं गेलं तर? माझ्या काट्या काय वाईट व्हत्या?"

बाबा म्हणाले, "काट्या बाहेरच्याला अडवतात, तातेराव. आत पडलेल्यानं काय धरावं?"

तातेराव थांबले. "बराबर हाय तुझं," असे काहीसे पुटपुटले, "पण माझ्या तळ्याला नको." आणि गेले.

मग बाबा जोत्यावर बसले आणि कितीतरी दिवसांनी बोलले. मी ते जसेच्या तसे लिहून ठेवते.

"ते लेकरू कुठं चुकलं ते पाहून राहिलो व्हतो. खुंट रोवायचा, कमरेला कासरा बांधायचा अन् उतरायचं. गावातल्या सगळ्या तळ्यांत उतरलो. कुठूनच निघता येत न्हाई, ऐश्वर्या. कोपर लावलं, गुडघा लावला, बोटं रुतवली. मला येईना तर त्याला कुठून येणार. ते चुकलंच नव्हतं. मी सांगितलं व्हतं त्याला, पाणी सगळीकडं सारखंच असते. त्यानं ऐकलं. काठाचं मी बोललोच न्हाई."

साड्या का, हेही मी विचारले. बाजारातला गुळगुळीत दोर ओल्या हातातून निसटतो, साडीच्या पिळाला लहान मूठ बसते. सुती कुजते, नायलॉन टिकते. म्हणून.

मी म्हटले, मला सांगायचे होते. ते म्हणाले, "तुला पाण्याची भीती वाटते. तळ्यात उतरतो म्हणलं असतं तर झोपली असतीस का?"

द्वारकाकाकूंचा निरोप मी तेव्हा दिला. बाबांनी आपल्या हातांकडे पाहिले. तळ्यांना दोर लावून होईपर्यंत पाण्यात उतरवले, आता उतरवत नाही, असे म्हणाले. "पाण्यात गेलो की हात आपोआप खाली चाचपडतात."

मी कपाटाचे कुलूप काढले. नायलॉनची एकच साडी राहिली होती, बदामी रंगाची. ती आणून त्यांच्याजवळ ठेवली.

२५ मे

मी द्वारकाकाकूंना दोराबद्दल सांगून आले. कसे सांगितले ते आठवत नाही. वाक्ये पूर्ण झाली नसावीत. त्यांनी फक्त विचारले की तो दोर किती खालपर्यंत जातो. पाण्याच्या आतपर्यंत, असे मी म्हटले. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला, कोमलला कडेवर घेतले आणि निघाल्या.

पुढचे मला भागवतकाकांकडून कळले. काकू तातेरावांच्या दारात जाऊन बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, रडल्या नाहीत. "माझ्याला धरायला काही नव्हतं. दोरी राहू द्या." एवढेच म्हणाल्या. तातेरावांच्या घरातल्या बायका आतून बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. तातेराव माळवदावर निघून गेले.

संध्याकाळी त्यांचा गडी आमच्याकडे आला. म्हणाला, मालकांनी काट्या एका बाजूने काढल्यात. मामांनी यावं अन् काय बांधायचं ते बांधावं.

२९ मे

आज दुपारी आम्ही शेततळ्यावर गेलो. बाबा, मी, द्वारकाकाकू आणि कोमल. भागवतकाका येणार होते, पण निम्म्या वाटेवरून बैलांचे काहीतरी निमित्त सांगून परतले. त्यांना कुणी थांबवले नाही.

कापलेला दोर बाबांनी रात्रीतून बदामी साडीने जोडला होता. तो खुंटाला बांधून त्यांनी पन्नीवरून खाली सोडला. मग काठावर उभे राहिले. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. काकू त्यांच्याकडे पाहत होत्या. कोमल आईच्या पदरात तोंड खुपसून होती.

मी माळ्यावरून सर्वांत मोठा भोपळा उतरवून पिशवीत घालून आणला होता. असे मी का केले, हे घरून निघताना मला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही मी स्वतःला सांगितले नव्हते. तो मी बाबांपुढे धरला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

मग पाठीवर त्यांची बोटे जाणवली. त्यांनी दोरी काखेखालून घेतली, गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा मारली. "पाय सरळ ठिव. खाली पाहू नको," असे ते हजारो मुलांना म्हणाले असतील. मला पहिल्यांदाच म्हणाले.

उतरताना मला चक्कर आली, हे लिहायलाच हवे. पन्नी उन्हाने तापली होती आणि पाण्यालगत बुळबुळीत होती. गळ्यापर्यंत पाणी आले तेव्हा पाय निसटले. मी दोराचे टोक पकडले, आणि ते सैल टोक माझ्या मुठीत पसरले, पदर वेगळे झाले, हात रिकामा झाला. क्षणभर मी पाण्याखाली होते. तिथे काळे होते आणि कसलाही आवाज नव्हता. भोपळ्याने मला वर आणले. मग वरची गाठ सापडली. मग तिच्या वरची. बाबांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. पोटावर सरपटत मी काठावर पोहोचले तेव्हा माझ्या कोपरांची सालटे निघाली होती, अगदी त्यांच्यासारखीच.

कोमलने पदरातून तोंड बाहेर काढले होते. ती दोराकडे पाहत होती.

"दादाच्या टायमाला काहून नव्हती?"

तिने ते बाबांना विचारले. बाबा खाली बसले, म्हणजे तिच्याएवढे झाले. "उशीर झाला, माय," ते म्हणाले. दुसरे काही म्हणता येण्यासारखे नव्हतेच. द्वारकाकाकू वळून शेताच्या बाजूला चालत गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी दोर वर ओढून घेतला. पाण्यात पडलेल्या मुलाच्या हाताला पहिल्यांदा लागणार ते हे खालचे टोक, आणि तेच सैल. मी ते हातभर उकलले, ओले पदर पिळले आणि पुन्हा घालायला बसले. बाबा पाहत होते. त्यांनी दोराला हात लावला नाही.

"शाळंत जाताना बी असंच करायचीस," ते म्हणाले. "निंबाखाली बसून. मला दिसायचं कामावरच्या मचाणावरून."

मी मान वर केली नाही. वीण ताणून धरायला दुसऱ्या बाजूला कुणीतरी हवे होते. आई वेणी घालताना डोके हलू नये म्हणून मी ते भिंतीला टेकवत असे, तसे काहीतरी. मी इकडेतिकडे पाहिले तेव्हा कोमल जवळ येऊन उभी होती. तिने दोन्ही हातांनी गाठ धरली. ओल्या साडीतले पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. ती शहारली, तोंड वाकडे केले, पण ओरडली नाही.

शेततळ्याकडे पाठ करून ती बसली होती. एकदाही वळली नाही. मी शेवटपर्यंत घट्ट वीण घालून गाठ मारली तरी तिने टोक सोडले नाही, आणि आम्हीही तिला सोड म्हटले नाही.